एका मेडलची गोष्ट (आणि बरंचसं नेव्हिल डिसूझाबद्दल)

गेल्या महिन्यात आमचा प्रोजेक्ट एकदाचा गो-लाइव्ह झाला. रीतसर पिझ्झा आला, क्लायंटचा कौतुकाचा मेल आला आणि मॅनेजरने सगळ्यांना कॉन्फरन्स रूममध्ये बोलावून प्रत्येकाच्या हातात एकेक ॲक्रिलिकची ट्रॉफी ठेवली. मीपण घेतली, फोटोत दात काढून उभा राहिलो. आता खरं सांगायचं तर मी त्या प्रोजेक्टवर जेमतेम अडीच आठवडे होतो. माझ्या जागी आधी जो होता त्याने वर्षभर रात्री जागवून तो सगळा डोलारा उभा केला, आणि शेवटच्या टप्प्यात त्याला उचलून दुसऱ्या प्रोजेक्टवर टाकलं. नियम काय, तर गो-लाइव्हच्या तारखेला ज्याचं नाव यादीत, त्यालाच ट्रॉफी. आम्ही टाळ्या वाजवत होतो तेव्हा तो काचेपलीकडे हेडफोन लावून दुसराच कोड डीबग करत बसला होता. मी त्याला काही बोललो नाही. बोलायला हवं होतं, पण नाही बोललो.

असो. विकांताला जोडून सुट्टी आली म्हणून रात्रीच्या ट्रॅव्हल्सने नागपूर आणि तिथून एसटीने चिमूरला, म्हणजे गावी आलो. आईने बॅग उपसताना ट्रॉफी सापडली, ती तिने लगेच शोकेसमध्ये माझ्या दहावीच्या फोटोशेजारी ठेवली. दोन दिवस येता-जाता ती दिसतेय आणि दोन दिवस माझ्या डोक्यात एदुआर्द स्ट्रेल्त्सोव घोळतोय.

मंडळी, हा कोण असं विचारणार असाल तर तुमची चूक नाही. इंजिनिअरिंगच्या होस्टेलवर रात्री दोन-दोनपर्यंत मॅचेस बघणाऱ्या आमच्या कंपूतही हे नाव कुणाला माहीत नव्हतं. २१ जुलै १९३७ चा जन्म, मॉस्कोच्या कडेचं पेरोवो हे गाव. बाप युद्धावर गेला आणि युद्ध संपल्यावर घरी परतलाच नाही, दुसरीकडे संसार थाटला. आई 'फ्रेझर' नावाच्या कारखान्यात कामाला, त्यात तिची तब्येत नाजूक. पोरगाही त्याच कारखान्यात फिटर म्हणून लागला आणि तेराव्या वर्षी कारखान्याच्या टीमकडून बाप्यांमध्ये खेळू लागला. १९५३ साली एका मॅचमध्ये टोर्पेडो मॉस्कोच्या कोचने त्याला पाहिलं आणि उचललं. १९५४ ला सोळाव्या वर्षी तो सोव्हिएत लीगमध्ये होता. १९५५ मध्ये २२ मॅचेसमध्ये १५ गोल, लीगमध्ये सगळ्यात जास्त. २६ जून १९५५ ला स्टॉकहोममध्ये स्वीडनविरुद्ध देशाकडून पहिली मॅच, आणि पहिल्या हाफमध्येच हॅटट्रिक! वय वर्षं सतरा. (सतराव्या वर्षी मी सीईटीचे फॉर्म भरत होतो.)

टोर्पेडो म्हणजे मोटारी बनवणाऱ्या कारखान्याची टीम. सोव्हिएत फुटबॉलमध्ये सगळं असंच होतं. सीएसके सैन्याचा, डायनॅमो गुप्त पोलिसांचा, लोकोमोटिव्ह रेल्वेचा. या भानगडीत टोर्पेडोला फार मोठा गॉडफादर नव्हता. सैन्यवाले आणि पोलिसवाले दोघेही स्ट्रेल्त्सोववर डोळा ठेवून होते, हा गडी मात्र आपल्या कारखान्याच्या टीमला धरून राहिला. याचे परिणाम पुढे झाले असं मानणारे लोक बरेच आहेत.

आता गंमत बघा. ही कंपनीच्या टीमची पद्धत आपल्याकडेही हुबेहूब होती, फक्त सरकारऐवजी शेठजी. मुंबईची हारवूड लीग १९०२ पासूनची, रोव्हर्स कप तर १८९१ पासूनचा. सुरुवातीला गोऱ्या पलटणींचा खेळ, मग हळूहळू कंपन्यांचा. टाटा, कॅल्टेक्स, रेल्वे. कंपनी नोकरी द्यायची, तुम्ही कंपनीकडून खेळायचं. कूपरेजवर संध्याकाळी मॅच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हापिसात हजेरी. आजच्या आपल्या कंपन्यांच्या टर्फवरच्या 'लीग' बघून जे वाटतं त्यापेक्षा ते फारच गंभीर प्रकरण होतं. लोक तिकीट काढून यायचे.

नेव्हिल डिसूझा या मुंबईचा. मूळचा गोव्याचा, जन्म १९३२, टाटा स्पोर्ट्स क्लबकडून आणि पुढे कॅल्टेक्सकडून खेळला. भाऊ डेरेकही फुटबॉलवालाच. त्या काळात मुंबईच्या टीम गोवेकर पोरांवर चालायच्या. आईबापांचं गाव पोर्तुगीजांच्या ताब्यात आणि पोरगा भारताच्या टीममध्ये, हे आज वाचताना विचित्र वाटतं. १५ ऑगस्ट १९५५ ला गोव्याच्या सीमेवर सत्याग्रहींवर पोर्तुगीजांनी गोळ्या झाडल्या, त्यानंतर सीमाच बंद झाली. म्हणजे मेलबर्नला गोल मारणाऱ्या माणसाला आपल्या पूर्वजांच्या गावी जायचं तर ते तेव्हा परक्या देशात जाणं होतं. गोवा सुटायला अजून पाच वर्षं होती.

१९५४-५५ ला मुंबईने संतोष ट्रॉफी पहिल्यांदा जिंकली, फायनलला सर्व्हिसेसला २-१ ने हरवून. तेव्हाचं भारतीय फुटबॉल म्हणजे कलकत्ता आणि हैदराबाद, त्यात मुंबईला कोण विचारतो. नेव्हिल त्या मुंबईचा सेंटर फॉरवर्ड.

भारतीय फुटबॉलच्या या 'सुवर्णकाळा'बद्दल आपले लोक लिहायला लागले की जरा जपूनच वाचावं. कारण त्याच १९५५ च्या सप्टेंबरात भारताची टीम मॉस्कोत सोव्हिएत युनियनकडून ११-१ ने हरली. अकरा-एक! आजही तो भारताचा सगळ्यात मोठा पराभव म्हणून नोंदला जातो. त्यातले तीन गोल अठरा वर्षांच्या स्ट्रेल्त्सोवचे. देशाकडून दोन मॅचेस, दोन हॅटट्रिक. त्याआधी १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकला युगोस्लाव्हियाने आपल्याला १०-१ ने धुतलं होतं, आपल्यापैकी बरेच जण अनवाणी खेळत होते. म्हणजे मेलबर्नला जाताना आपली पाटी अशी होती. हे लक्षात ठेवलं तरच पुढचं कळतं.

१९५६. ऑलिंपिक उन्हाळी, पण मेलबर्नला उन्हाळा डिसेंबरात, म्हणून २२ नोव्हेंबर ते ८ डिसेंबर. २३ ऑक्टोबरला हंगेरीत उठाव झाला, ४ नोव्हेंबरला रशियन रणगाडे बुडापेस्टमध्ये घुसले. भारताची पहिली मॅच हंगेरीशी होती. हंगेरीच्या फुटबॉल टीमने माघार घेतली आणि भारत एकही बॉल न लाथाडता क्वार्टर फायनलला. कशाचा काय संबंध कुठे लागतो! एकूण टीमही अकराच उरल्या होत्या.

कोच होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम, पेशाने शिक्षक. रहीमसाहेबांनी हंगेरीकडूनच एक युक्ती उचलली होती. पुढच्या फळीतला एक जण मुद्दाम मागे ओढायचा. समोरचा डिफेंडर गोंधळतो, त्याच्या मागे गेलं तर भगदाड, नाही गेलं तर तो मोकळा. मागे ओढलेला खेळाडू म्हणजे कॅप्टन समर 'बद्रू' बॅनर्जी. आणि जे भगदाड पडेल त्यात शिरायला नेव्हिल. उजवीकडून वीस वर्षांचा पी. के. बॅनर्जी क्रॉस टाकणार.

१ डिसेंबर, समोर ऑस्ट्रेलिया, त्यांच्याच घरी. नवव्या मिनिटाला नेव्हिल. सतराव्याला ऑस्ट्रेलियाच्या मॉरोने बरोबरी केली. तेहतिसाव्याला पुन्हा नेव्हिल, एक्केचाळिसाव्याला पुन्हा मॉरो. हाफटाइमला २-२. पन्नासाव्या मिनिटाला नेव्हिलचा तिसरा. ऐंशीव्याला किट्टूचा एक. ४-२. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये हॅटट्रिक करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई, आणि सेमीफायनलला पोचलेली भारताची टीम पहिली आशियाई.

सेमीफायनल ४ डिसेंबरला, समोर तोच युगोस्लाव्हिया, ज्याने चार वर्षांपूर्वी दहा गोल घातले होते. हाफटाइमला ०-०. बावन्नाव्या मिनिटाला गोल, भारत पुढे. मारणारा अर्थात नेव्हिल. मी कितीदा तरी या दोन मिनिटांचा विचार केलाय. दोन मिनिटं, कारण चोपन्नाव्या मिनिटाला बरोबरी झाली, सत्तावन्नाव्याला ते पुढे गेले, पासष्टाव्याला तिसरा, आणि अठ्ठ्याहत्तराव्याला आपल्याच सलामच्या पायाला लागून चौथा. ४-१. पण बावन्न ते चोपन्न या दोन मिनिटांत भारत ऑलिंपिक फायनलच्या वाटेवर होता. हंगेरी आली नाही म्हणून नशीब, ऑस्ट्रेलिया लिंबूटिंबू म्हणून नशीब, हे सगळं मान्य. युगोस्लाव्हियाविरुद्धची आघाडी मात्र नशिबाच्या खात्यात टाकता येत नाही.

दुसऱ्या दिवशी दुसरी सेमीफायनल, रशिया विरुद्ध बल्गेरिया. नव्वद मिनिटं ०-०. तेव्हा बदली खेळाडू नसायचे, जो जखमी झाला त्याने लंगडत उभं राहायचं किंवा बाहेर बसायचं. रशियाच्या तिश्चेन्कोचं गळ्याजवळचं हाड मोडलं, तो तसाच हात बांधून खेळत राहिला. स्ट्रेल्त्सोवचा जोडीदार इवानोवही जायबंदी. एक्स्ट्रा टाइममध्ये बल्गेरियाने गोल केला. अर्धी टीम मोडलेली, पुढे आशा नाही, आणि ११२ व्या मिनिटाला एकोणीस वर्षांच्या स्ट्रेल्त्सोवने बरोबरी केली. चार मिनिटांनी तातुशिनने दुसरा मारला. २-१.

आता यात आपला संबंध काय? तर जो हरला तो ब्रॉन्झसाठी भारताशी खेळणार होता. म्हणजे भारतासमोर कोण येणार हे स्ट्रेल्त्सोवच्या त्या पायाने फिरवलं. तो गोल झाला नसता तर ७ डिसेंबरला आपण रशियाशी खेळलो असतो, ११-१ वाल्या रशियाशी. आली बल्गेरिया, आणि ३-० ने हरवून गेली. नेव्हिलचे चार गोल, बल्गेरियाच्या मिलानोवचे आणि युगोस्लाव्हियाच्या वेसेलिनोविचचेही चार. ऑलिंपिकचे तीन टॉप स्कोअरर, त्यात एक मुंबईचा कंपनी कर्मचारी.

आणि फायनल? रशियन कोच काचालिनचं मत असं की पुढची जोडी एकाच क्लबची हवी, म्हणजे एकमेकांना न बघता पास कळतो. इवानोव जखमी, मग त्याचा जोडीदार स्ट्रेल्त्सोवही बाहेर. त्याच्या जागी स्पार्टाकचा तीस वर्षांचा सिमोन्यान. रशिया १-० ने जिंकला. आणि गोल्ड मेडल कुणाला, तर फायनल खेळलेल्या अकरा जणांनाच. ज्याने टीमला फायनलपर्यंत ओढत आणलं त्याच्या गळ्यात काही नाही. सिमोन्यान आपलं मेडल घेऊन स्ट्रेल्त्सोवकडे गेला, हे तुझं आहे म्हणाला. स्ट्रेल्त्सोवने घेतलं नाही. मी अजून लहान आहे, पुढे पुष्कळ जिंकेन, अशा अर्थाचं काहीतरी बोलला.

इथे माझी ट्रॉफी शोकेसमधून माझ्याकडे बघते.

शनिवारी दुपारी जेवणं झाल्यावर हे सगळं मी आबाजींना, म्हणजे माझ्या आजोबांना, सांगत बसलो होतो. त्यांना फुटबॉलचं काही नाही. आमच्या चिमुरात कबड्डी, क्रिकेट आणि जानेवारी-फेब्रुवारीतली बालाजीची घोडायात्रा, बाहेरच्यांना आमचं गाव माहीत असेल तर १९४२ च्या १६ ऑगस्टमुळे. मला वाटलं, ५६ साली आबाजी चौदा-पंधरा वर्षांचे, पेपरात काही वाचलं असेल, कुणाकडून ऐकलं असेल. म्हणून विचारलं, "आबाजी, ५६ च्या डिसेंबरात भारत फुटबॉलमध्ये चौथा आला होता, तुम्हाला काही आठवते का?"

आबाजी माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "५६ चा डिसेंबर मले आठवत नाही असं कसं होईन बाबू? तवा कोनाले फुटबॉलची पडली होती?"

आणि माझी ट्यूब पेटली. तारखा मी पाठ केल्या होत्या, पण एका कॉलममधल्या. दुसरा कॉलम माझ्याच घरात होता.

१४ ऑक्टोबर १९५६ ला बाबासाहेबांनी नागपुरात धम्मदीक्षा घेतली आणि दिली. १६ ऑक्टोबरला चांद्याला. आमचे आबाजी त्यांच्या वडिलांबरोबर बंडीने चांद्याला गेले होते, दोन दिवस बंडी हाकत. मग पन्नास-एक दिवसांनी, ६ डिसेंबरला, बाबासाहेब गेले. सेमीफायनलनंतर दोन दिवसांनी. ७ डिसेंबरला मुंबईत दादरच्या चौपाटीवर लाखो लोकांच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले. त्याच दिवशी मेलबर्नला भारत-बल्गेरिया. मुंबईचा नेव्हिल तिकडे ब्रॉन्झसाठी खेळत होता आणि मुंबई रस्त्यावर रडत होती. आबाजी सांगत होते की बातमी आली तेव्हा मोहल्ल्यात चुली पेटल्या नाहीत, त्यांचे वडील अंगणात नुसते बसून होते, आणि लहान पोरांना कुणी ओरडतही नव्हतं. "मोठी मानसं रडताना मी पयल्यांदा पाह्यली," एवढं म्हणून ते थांबले. मीही पुढचं फुटबॉल आवरतं घेतलं.

आणखी एक बारीकसं. १ नोव्हेंबर १९५६ ला राज्य पुनर्रचना झाली आणि विदर्भ मध्य प्रदेशातून निघून मुंबई राज्यात आला. म्हणजे नेव्हिलने हॅटट्रिक केली तेव्हा चांदा जिल्हा आणि कूपरेज एकाच राज्यात येऊन बरोबर एक महिना झाला होता. (चांद्याचं चंद्रपूर १९६४ ला झालं, गडचिरोली वेगळा जिल्हा १९८२ ला.) कागदोपत्री नेव्हिल आमच्या राज्याचा खेळाडू होता. आमच्याकडे कुणाला ते कळलं नाही आणि त्या महिन्यात तरी कुणाची त्यात चूक नव्हती. पुढच्या सत्तर वर्षांचं मात्र तसं म्हणता येत नाही. अर्जुन पुरस्कार १९६१ ला सुरू झाले. पहिल्याच वर्षी फुटबॉलसाठी पी. के. बॅनर्जी, मग तुलसीदास बलराम, चुनी गोस्वामी, सगळे लायकच. ऑलिंपिकच्या टॉप स्कोअररचं नाव त्या यादीत कधीच आलं नाही. १९८० साली नेव्हिल गेला, अठ्ठेचाळीसही पूर्ण नव्हते. भारताची फुटबॉल टीम १९६० नंतर ऑलिंपिकला गेलेलीच नाही, त्यामुळे ते चार गोल मोडायलाही कुणी आलं नाही.

स्ट्रेल्त्सोवचं पुढचं थोडक्यात सांगतो, कारण ते सांगायला मला आवडत नाही. १९५७ ला १५ मॅचेसमध्ये १२ गोल. त्याच वर्षी वर्ल्डकपच्या पात्रतेसाठी पोलंडशी निर्णायक मॅच होती लाइपझिगला, आणि हा आणि इवानोव दोघांची ट्रेन चुकली! गाडीने पाठलाग करून मोझाइस्क स्टेशनवर ट्रेन थांबवून यांना चढवलं. दुखऱ्या पायाने खेळून त्याने गोल मारला, रशिया वर्ल्डकपला. युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या मतदानात तो सातवा आला. दारू, पार्ट्या, लांब केस यावरून पेपरात टीका सुरू झालीच होती. मग १९५८ च्या मे महिन्यात, वर्ल्डकपला दोन आठवडे असताना, एका पार्टीनंतर एका तरुणीने बलात्काराची तक्रार केली. त्याच्याबरोबर ओगोन्कोव आणि तातुशिन यांनाही पकडलं, म्हणजे बल्गेरियाविरुद्ध गोल मारणारे दोघंही कोठडीत. स्ट्रेल्त्सोवने कबुली दिली. कबूल केलंस तर वर्ल्डकप खेळू देऊ असं सांगून ती घेतली असं म्हणतात. बारा वर्षांची शिक्षा, श्रमछावणी.

तो दोषी होता की मोठ्या लोकांनी काटा काढला, यावर रशियात आजही वाद चालतो. एक मात्र मला खटकतं. त्याच्यावर प्रेमाने लिहिणारे त्याला निर्दोष ठरवायच्या घाईत असतात, आणि त्या घाईत तक्रार करणारी मुलगी गोष्टीतून गायबच होते. तपास नीट झाला नाही याचा अर्थ तिचं खोटं होतं असा होत नाही. मला पायातली जादू आवडते म्हणून मी न्यायाधीश होत नाही.

पाच वर्षांनी, १९६३ ला सुटला. १९६५ ला टोर्पेडोत परतला, वेग गेलेला, शरीर जड झालेलं, पण टाचेने मागे पास द्यायची ती सवय शाबूत. त्याच वर्षी टोर्पेडो लीग जिंकली. १९६७ आणि १९६८ ला देशातला सर्वोत्तम फुटबॉलपटू. वर्ल्डकप एकही नाही. १९९० च्या २२ जुलैला, त्रेपन्नाव्या वाढदिवसाच्या दुसऱ्या दिवशी, कॅन्सरने गेला. आता टोर्पेडोच्या स्टेडियमला त्याचं नाव आहे. ऑलिंपिक मेडल काही त्याच्या घरी आलं नाही.

उद्या सकाळच्या एसटीने निघायचंय. मघाशी शोकेसमधून ट्रॉफी काढून बॅगेत टाकली तर आई म्हणे, "परत कायले नेतं? इथं छान दिसून राह्यली होती." म्हटलं, चुकून दुसऱ्याची आलीये. सोमवारी काचेपलीकडे जाऊन त्याच्या टेबलावर ठेवणार आहे. त्याने नको म्हटलं तर काय करायचं ते अजून ठरवलेलं नाही. फक्त 'मी पुढे पुष्कळ जिंकेन' असलं काही त्याने बोलू नये, एवढंच :)